बरा म्हणजे किती?

माझ्या हाताखाली माणसं झोपतात, हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी पंधरा वर्षं मी घाटकोपरच्या एका पार्लरमध्ये आयब्रो आणि वॅक्सिंग करायचे. तिथे बायका डोळे मिटायच्या त्या दुखतं म्हणून. पार्लर बंद झालं आणि मी मोबाइलवरून बुकिंग घेणाऱ्या एका कंपनीत मसाजच्या कामाला लागले. पहिल्याच महिन्यात एक बाई माझ्या हाताखाली चक्क घोरायला लागली. मी दचकून हात काढले, तशी ती जागी झाली आणि पुटपुटली, "थांबलात का?"

मग मला सवय झाली. दुपारची वेळ, पडदे ओढलेले, डोक्यावर पंखा हळू फिरतोय, तेलाचा वास खोलीभर साचलाय. एखादीची पाठ आधी लाकडासारखी असते. दहा मिनिटांनी ती मऊ पडते आणि कुठल्या तरी क्षणी श्वास बदलतो. तो क्षण मला हाताला कळतो. त्यानंतर त्या घरात मी एकटीच जागी असते, आणि मीही पुरती जागी नसते. हात आपोआप चालतात. बाहेर भाजीवाला ओरडत जातो, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होते, पण सगळं पाण्याखालून ऐकू आल्यासारखं. काम आटोपून रस्त्यावर आले तरी कितीतरी वेळ दुसऱ्याची झोप माझ्या अंगाला चिकटलेली असते. रिक्षावाला दोनदा विचारतो, "कुठे जायचं?" तेव्हा कुठे मी पत्ता सांगते.

आमचं ट्रेनिंग अंधेरीला होतं. घाटकोपरहून मेट्रो पकडायची आणि एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर जायचं. आठ दिवस मसाज शिकवला. नववा दिवस इंग्रजीचा होता. शिकवायला ज्या मॅडम आल्या त्यांनी उभं आयुष्य कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात घालवलं होतं. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि आवाज इतका हळू की मागच्या मुलींना पुढे सरकावं लागलं.

त्यांनी फळ्याच्या मधोमध एकच शब्द लिहिला. रेटिंग.

"ह्या शब्दाचं कुणाकुणाशी जमतं, ते आज बघायचं," त्या म्हणाल्या. "शब्दांचंही माणसांसारखंच असतं. सगळ्यांचं सगळ्यांशी जमत नाही."

मी हात वर केला. "मॅडम, कस्टमरला 'बिग रेटिंग द्या' असं म्हटलं तर चालेल?"

"नाही चालणार. हाय रेटिंग. लो रेटिंग. बिग आणि स्मॉल नाही."

"पण का?"

त्यांनी खडू खाली ठेवला. "तू मराठीत म्हणतेस ना, गाढ झोप लागली? मग जाड झोप लागली असं का नाही म्हणत?"

वर्ग हसला, मीही हसले. पण ती गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. मग त्या एकेक जोडी लिहीत गेल्या. रेटिंग देतात, ते गिव्ह. मिळतं, ते गेट. टिकवायचं ते मेंटेन. सगळ्यांचं मिळून जे निघतं ते ॲव्हरेज रेटिंग. जिचं चांगलं असतं तिला म्हणायचं हायली रेटेड. आणि सगळ्यात शेवटी त्यांनी एका कोपऱ्यात लिहिलं, ड्रॉप.

"हे क्रियापद लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला मेसेज येईल तो ह्याच शब्दाने येईल."

परत येताना मेट्रोत मला खिडकीशी जागा मिळाली. खालून पत्र्याची छपरं सरकत होती, कुठे निळी ताडपत्री, कुठे वाळत घातलेल्या साड्या. मी त्या जोड्या मनात म्हणत होते. गिव्ह रेटिंग, गेट रेटिंग, हाय रेटिंग. म्हणता म्हणता डोळा लागला आणि स्वप्नात मला ते शब्द हात धरून चाललेले दिसले, शाळेतल्या पोरी दोन-दोनच्या रांगेने जातात तसे. शेवटचं स्टेशन आलं तेव्हा एका आजोबांनी मला हलवून उठवलं.

पहिले काही महिने बरे गेले. माझं ॲव्हरेज चांगलं होतं. आणि मग मुलुंडचं ते बुकिंग आलं.

मुलुंड पूर्वेला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ते घर होतं. दार सुनेने उघडलं. पस्तिशीची असेल, कानात हेडफोन, हातात लॅपटॉप. ती घरूनच ऑफिसचं काम करायची. मूळची पुण्याची. अगदी स्वच्छ, अदबीचं मराठी बोलायची.

"मसाज माझ्या सासूबाईंना द्यायचाय," ती म्हणाली. "त्यांची कंबर फार दुखते. दोन वर्षांपूर्वी गावी पडल्या, तेव्हापासून आमच्याकडेच असतात. जरा जपून कराल ना?"

आत पलंगावर आजी बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, किडकिडीत, नऊवारी नेसलेल्या. त्यांचे यजमान गिरणीत होते. गिरणी बंद झाली तशी दोघं नवरा-बायको कोकणात आपल्या गावी परत गेली आणि मुलगा इथेच राहिला. हे सगळं त्यांनी मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. मी माझा घडीचा बेड उघडला, तर त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"ह्या मेजार माका चढूक जमाचा नाय गे बाय."

कंपनीचा नियम होता की मसाज आपल्याच बेडवर द्यायचा. मी नियम बाजूला ठेवला आणि बेड मिटवला. त्यांच्याच पलंगावर चादर पसरून त्यांना कुशीवर निजवलं. त्यांची पाठ म्हणजे सगळी हाडंच होती. मी तेल कोमट करून घेतलं होतं. खूप हलक्या हाताने, कमरेपासून वर, परत कमरेपर्यंत. खिडकीतून दूर डोंगर दिसत होता, त्याच्यावर धूसर ऊन होतं. आजी गावाकडच्या विहिरीबद्दल काहीतरी सांगत होत्या. मधेच वाक्य तुटलं आणि श्वास बदलला.

इतकी शांत झोप मी फार कमी जणींची पाहिली आहे. मी हात थांबवले नाहीत. मला वाटलं, मी ह्या बाईच्या पाठीवरून चालत तिच्या गावी जाऊन पोचले आहे. विहीर आहे, तिच्या कठड्यावर ओली कळशी आहे. हे मी कधी पाहिलेलं नाही. आमचं गाव साताऱ्याकडचं, तिथली विहीर वेगळी. तरी ती मला दिसली.

वेळ संपली तशी मी त्यांना अलगद जागं केलं. त्यांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि उठून बसल्या. सून दारात आली. "आई, कसं झालं?"

"बरा झाला," आजी म्हणाल्या.

आमच्याकडे बरं म्हणजे जेमतेम. तब्येत कशी आहे विचारल्यावर, रडायचं नसतं म्हणून माणूस म्हणतो ते बरं. स्थळ बघायला आलेली माणसं 'मुलगी बरी आहे' म्हणाली की आईबाप काय ते समजून जातात. सुनेनेही मान हलवली, अगदी किंचित. तिलाही तेच समजलेलं दिसलं. मी सामान गोळा करून बाहेर पडले.

कोपऱ्यावर रिक्षाची वाट बघत उभी होते तेव्हा फोन वाजला. तीन स्टार. त्या दिवशी माझं ते एकच काम होतं, त्यामुळे कुणी दिले ते शोधायची गरज नव्हती.

स्टार देणाऱ्या कस्टमर अजून मोजक्याच होत्या, म्हणून एका तीनने ॲव्हरेज खाली ओढलं. दोन दिवसांनी मेसेज आला. इंग्रजीत होता, पण मला त्यातला एकूण एक शब्द कळला. युअर रेटिंग हॅज ड्रॉप्ड. मॅडमनी खडूने कोपऱ्यात लिहिलेला तो शब्द आता माझ्या हातात होता. पुढे असंही लिहिलं होतं की रेटिंग सुधारलं नाही तर पुन्हा ट्रेनिंगला यावं लागेल.

मी मॅडमना फोन केला.

"एकाच कस्टमरने दिलंय ना? होतं असं," त्या म्हणाल्या.

"पण मॅडम, त्या झोपल्या होत्या. लहान मुलासारख्या झोपल्या होत्या."

"झोपलेल्या माणसाला स्टार देता येत नाहीत गं," त्या हळूच म्हणाल्या. "ते जागं झाल्यावरच द्यावे लागतात."

त्यानंतरचे काही आठवडे माझे मलाच परके वाटतात. बुकिंग कमी झाली. जी यायची तिथे मी काम संपायच्या आतच बोलायला लागले. कस्टमर डोळे मिटून पडलेली असायची आणि मी म्हणायचे, "मॅम, प्रेशर ठीक आहे ना? मॅम, आवडतंय ना? प्लीज गिव्ह मी हाय रेटिंग." घोकलेलं सगळं बाहेर पडायचं. माझे हात घाईत चालायचे. ज्या क्षणी श्वास बदलायला हवा त्या क्षणी मी काहीतरी विचारायचे आणि समोरची पुन्हा जागी व्हायची. सांताक्रूझच्या एका बाईंनी शेवटी तोंडावर सांगितलं, "तुम्ही जरा गप्प बसाल का? मला झोपायचंय." मी गप्प बसले. त्या काही झोपल्या नाहीत. मी त्यांची झोप मोडली होती, आणि मोडलेली झोप मागून जोडता येत नाही.

घरी दुपारी मी रिकामी पडून राहायचे. नवरा कामावर असायचा. छताकडे बघत माझ्या हातांना काय झालंय, असा विचार करायचे. ते माझ्या पोटावर दोन पाहुण्यांसारखे पडलेले असायचे.

अशात एका गुरुवारी सकाळी बुकिंग आलं. पत्ता वाचला आणि मी उठून बसले. मुलुंड पूर्व, तीच इमारत, दुसरा मजला. त्यांनी माझंच नाव टाकून मला मागितलं होतं. मला आधी वाटलं चूक झाली असेल. मग वाटलं, काही तक्रार तर नसेल? जाऊ नये असंही एकदा मनात आलं. पण गेले.

दार उघडायच्या आधीच आतून आवाज आला, "इलंस? ये गे बाय, ये! सुनेक मी सांगितलंय, तीच बाय होयी म्हणान."

आजी स्वतः काठी टेकत दारापर्यंत आल्या होत्या. मागे सून उभी, जरा गोंधळलेली. "ह्यांनी आठवडाभर हट्ट धरलाय," ती मला म्हणाली. "दुसरं कुणी नको म्हणतात."

मला काही उमगेना. मी बेड न उघडता सरळ पलंगावर चादर घातली. आजी कुशीवर निजल्या. मी ठरवून तोंड बंद ठेवलं. सुरुवातीला हात अवघडले होते, पण आजींनी त्यांची वाट बघितली नाही. चार-पाच मिनिटांतच त्या झोपल्या, आणि त्यांच्या मागोमाग माझे हातही कुठेतरी निवांत झाले. डोंगरावर आज ढगाची सावली होती. ती हळूहळू उतारावरून सरकत होती, आणि तिच्याबरोबर मीही.

त्या जाग्या झाल्या तेव्हा सून चहा घेऊन आली. "आई, आज कसं वाटलं?"

"बरा वाटला," आजी म्हणाल्या.

आता मात्र मला राहवलं नाही. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की कस्टमरशी वाद घालायचा नाही. मी वाद घातला नाही, फक्त विचारलं. "आजी, काय कमी पडतं ते एकदा मला सांगा. मी सुधारीन. मागच्या वेळीही तुम्ही बरंच म्हणालात."

"कमी?" आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. "कमी खंय काय पडला?"

"मग नुसतं बरं का म्हणता?"

"आता बऱ्याक बरा नाय म्हणाचा तर काय म्हणाचा?" त्यांना खरंच कळेना. "बरा म्हणजे बरा! याच्यापेक्षा आणखी बरा काय आसता?"

मग सुनेने चहाचा ट्रे खाली ठेवला. "आई," ती म्हणाली, "तुमच्याकडे बरा म्हणजे... चांगलं?"

"मग काय वायट?"

"म्हणजे खूप चांगलं?"

"गे, बरा म्हणजे चांगलाच गे!"

सून पलंगाच्या कडेला बसली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. आधी ती हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, सात वर्षं झाली माझ्या लग्नाला. मी जे जे करून वाढलं त्याला तुम्ही 'बरा झाला' म्हणालात. माशाची आमटी मी चार जणींना विचारून शिकले. तुम्ही म्हणालात, बरी झाली. मला वाटायचं, ह्यांना माझ्या हातचं काही म्हणजे काही आवडत नाही."

"अगो!" आजींनी कपाळाला हात लावला. "आवडता म्हणान तर जेवतंय. वायट आसला तर मी सांगतंय. माका तोंड आसा."

"आणि ह्यांनी मला कधी सांगितलं कसं नाही?" सून म्हणाली. ह्यांनी म्हणजे नवऱ्याने.

"तेका काय म्हायत?" आजी म्हणाल्या. "तेका सगळाच बरा लागता."

मग तिघीही हसलो. कितीतरी वेळ हसत होतो. सून मधेच उठली आणि माझा हात धरून म्हणाली, "ताई, ते तीन स्टार मी दिले होते. मला वाटलं, आईंना जेमतेम वाटलं, मग खोटं कशाला द्यायचं. आमच्या ऑफिसात तीन म्हणजे ठीकठाक धरतात. मला स्वतःला दर वर्षी तीनच मिळतात, आणि मी त्यावर खूश आहे असं दाखवते. तुमचं नुकसान झालं का?"

मी मेसेजचं सांगितलं. तिने लगेच फोन काढला आणि जुनं रेटिंग बदलायचा प्रयत्न केला. जमेना. मुदत टळून गेली होती. ती चिडली, दोनदा फोन बंद करून चालू केला, मग खाली बसून म्हणाली, "ठीक आहे. आजचे पाच देते आणि खाली सविस्तर लिहिते."

ती इंग्रजीत पटापट लिहायला लागली. मधेच थांबली. "मी लिहितेय की आम्ही हिला खूप... काय म्हणू?"

"वी रेट हर हायली," मी म्हणाले.

तिने वर बघितलं.

"हायली," मी पुन्हा म्हणाले. "व्हेरी मच नाही म्हणायचं. रेटिंग हाय असतं ना, म्हणून."

तिने तसंच लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. आजींनी विचारलं, काय लिहिलं? सून म्हणाली, "लिहिलं की बरा झाला." आजींनी समाधानाने मान डोलावली.

मी निघायला लागले तर सूनच म्हणाली, "ताई, वेळ आहे? माझी मान धरलीये कधीपासून. मी आजवर कुणाकडून मसाज करून घेतलेला नाही."

पुढचं बुकिंग नव्हतंच. मी घडीचा बेड उघडला आणि ती पालथी निजली. ऑफिसचं काय काय बोलत होती, कुणाचं प्रेझेंटेशन, कुणाची डेडलाइन. मी काहीच विचारलं नाही. खांद्यांत गाठी होत्या, वाटाण्याएवढ्या. त्या एकेक करून सुटल्या आणि तिचं बोलणं विरत विरत थांबलं. आजी पलंगावर बसून चहा पीत तिच्याकडे बघत होत्या. ऊन डोंगरावरून उतरून खोलीत आलं होतं, फरशीवर त्याचा एक लांबट पट्टा पडला होता. त्या दोघी आणि मी, कुणालाच कुठे जायचं नव्हतं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. सून हलली नाही. मी तेलकट हातांनी उचलणार कशी? आजींनी तो उचलला, उलटासुलटा करून बघितला, हिरव्यावर बोट ठेवलं. पलीकडून कुणी साहेब इंग्रजीत बोलायला लागला. आजींनी त्याला पुरतं बोलू दिलं.

मग हळू आवाजात म्हणाल्या, "ती निजली आसा. मागीर कर."

आणि फोन उशीखाली ठेवून दिला.

मला शेवटी अंधेरीला जावंच लागलं, एक दिवस पुन्हा ट्रेनिंगसाठी. नियम तो नियम. मॅडमना सगळं सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. माझं ॲव्हरेज पुढे दोनेक महिन्यांनी मूळ जागी आलं, एका दमात नाही, थोडं थोडं करत. रेटिंग मागायचं मी सोडून दिलं. अजून कधी तीन मिळतात. वाईट वाटतं, एखादा दिवस.

महिन्यातून एकदा मुलुंडचं बुकिंग असतं, आता दोघींचं. आधी आजी, मग सून. पुष्कळदा असं होतं की दुसरी झोपेपर्यंत पहिली उठलेलीच नसते. मग मी कुणालाच उठवत नाही. बेड अर्थातच सुनेखाली असतो, म्हणून तो तिथेच ठेवून खाली जाते, कोपऱ्यावर चहा घेते, थोडं चालते. तासाभराने परत येते तर दार मी लोटलं होतं तसंच असतं, आणि आतून दोघींपैकी कुणाचा तरी श्वास ऐकू येतो.